‘स्कॅन केले, आता मूळ कागद कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेला जॉन आणि जॉन क्विन्सी हे दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या ॲडम्स घराण्याच्या कागदपत्रांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. अमेरिकेतील केंटकी राज्यातील आपल्या सासुरवाडीच्या तळघरात अमेरिकी गृहयुद्धाच्या (१८६१-६५) आधीपासूनची पत्रे, छायाचित्रे आणि वंशावळीच्या वह्या आहेत; त्या सर्वांचे स्कॅनिंग झाले आहे आणि जन्ममृत्यूच्या नोंदी सरकारी दप्तरात मिळतातच, तेव्हा घर विकताना मूळ कागद टाकून देण्यात काही बिघडत नाही, असे आपण म्हणता. राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याचा दाखला सामान्य कुटुंबाला लावू नये आणि मृतांची खासगी पत्रे जपणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असेही आपले मत आहे. खासगीपणाच्या मुद्द्यात तथ्य आहे. बाकीचे मला मान्य नाही.

सरकारी दप्तरावर आपण टाकलेला विश्वास अमेरिकेच्या बाबतीत तरी टिकत नाही. १८९० च्या जनगणनेत ६ कोटी २० लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली होती. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात त्या कागदांचा काही भाग जळाला, बराच भाग पाण्याने आणि धुराने खराब झाला, आणि जे उरले तेही पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीने नष्ट करण्यात आले. आज त्यातील सहा हजारांच्या आसपास नावेच शिल्लक आहेत. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळील लष्करी नोंदींच्या केंद्राला आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती आणि मायक्रोफिल्मही (फिल्मवर घेतलेली छोटी प्रत) नव्हती. आजोबा कोणत्या तुकडीत होते हे शोधणाऱ्या अनेक कुटुंबांना त्यानंतर घरातील पत्रांचा आणि सेवामुक्तीच्या दाखल्याचाच आधार उरला. त्याहून जुनी गोष्ट सांगायची तर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी अर्ज करताना विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधील कुटुंबनोंदीची पाने फाडून जोडली, आणि ती आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्या सरकारी दप्तरावर आपण विसंबता, त्याचाच एक भाग असा घरच्या पानांनी बनलेला आहे.

आता स्कॅनिंगविषयी. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स यांनी १८४० मध्ये आपल्या आजीची, म्हणजे जॉन ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स यांची, पत्रे प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी लेखन सुधारून घेतले आणि काही मजकूर गाळला. मूळ पत्रे त्यानंतर टाकून दिली असती, तर नातवाने पसंत केलेली ॲबिगेलच आपल्याला भेटली असती. परंतु चार्ल्स यांचे वडील जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी ग्रंथ आणि कागदपत्रे आगीपासून सुरक्षित राहतील अशी स्वतंत्र इमारत बांधण्याची इच्छा मृत्युपत्रात व्यक्त केली होती, तिच्यानुसार १८७० मध्ये क्विन्सी येथे दगडी ग्रंथालय उभे राहिले, आणि १९५६ मध्ये कुटुंबाने सर्व संग्रह मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिला. त्यामुळेच १९६१ पासून निघू लागलेल्या ॲडम्स कागदपत्रांच्या खंडांच्या संपादकांना मूळ हस्ताक्षराकडे परत जाता आले. प्रत कोणतीही असो, ती करणाऱ्याला त्या दिवशी जे महत्त्वाचे वाटले तेवढेच तिच्यात उतरते.

आपण छायाचित्रांची फक्त दर्शनी बाजू स्कॅन केल्याचे लिहिले आहे, म्हणून हे अधिक आग्रहाने सांगतो. गृहयुद्धाच्या खर्चासाठी १८६४ ते १८६६ या काळात अमेरिकेत छायाचित्रांवर कर होता. छायाचित्राच्या मागे कराचे तिकीट चिकटवून छायाचित्रकार त्यावर आपली आद्याक्षरे आणि पुष्कळदा तारीखही लिहीत असे. नाव नसलेल्या चेहऱ्याचा काळ दोन वर्षांच्या आत बसवणारे असे दुसरे साधन क्वचितच मिळते, आणि ते मागच्या बाजूलाच असते. पत्रावर तारीख नसेल तर पाकिटावरील टपालाचा शिक्का ती सांगतो. कोणते पत्र कोणत्या जुडग्यात बांधले होते, हेही संगणकावरील फायलींच्या यादीत दिसत नाही.

सामान्य कुटुंबाच्या मुद्द्यावर मला सर्वात जास्त बोलावेसे वाटते. केंटकी हे गुलामगिरी असलेले राज्य होते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी नोंद झाली, पण तीत नाव लिहिले गेले ते मालकाचे. गुलाम माणसांचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या या लाखो माणसांची नावे राष्ट्रीय जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्यामागे जाऊ पाहणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन वंशजाला पूर्वजाचे नाव सापडण्याची आशा असते ती मालकांच्या घरच्या हिशेबवह्यांत, मृत्युपत्रांत आणि शेजाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत. आपल्या सासुरवाडीकडे गुलाम होते असे मी सुचवत नाही, ते मला माहीत असण्याचे कारणही नाही. परंतु त्या काळातील, त्या मुलुखातील एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या पत्रात दुसऱ्याच कोणाच्या पणजीचे नाव असू शकते, आणि ते कागद टाकण्याचा निर्णय त्या पणजीच्या वंशजांसाठीही होऊन बसतो. अशा वेळी राष्ट्राध्यक्षांच्या पत्रांपेक्षा या पत्रांची गरज मला अधिक वाटते.

राहिला खासगीपणा. ॲबिगेल यांनीही आपली पत्रे जाळण्यास सांगितले होते; जॉन ॲडम्स यांनी १७७६ मध्ये उत्तर दिले की त्यासाठी आधी मला तुलाच विसरावे लागेल. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांनी मात्र पतीशी झालेला जवळजवळ सर्व पत्रव्यवहार नष्ट केला, आणि तो त्यांचा अधिकार होता. लिहिणाऱ्याने स्वतः जाळावे, याला माझी हरकत नाही. तिसऱ्या पिढीने घर रिकामे करण्याच्या घाईत ते करावे, याला आहे. उघड करणे आणि जपणे या गोष्टी वेगळ्या ठेवता येतात: ॲडम्स कुटुंबानेच १९०५ मध्ये पन्नास वर्षांसाठी विश्वस्त मंडळ नेमून कागद आपल्या ताब्यात ठेवले होते. आपणही लुईव्हिलमधील फिल्सन हिस्टॉरिकल सोसायटीकडे किंवा आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) इतिहास मंडळाकडे विचारणा करताना, अमुक पत्रे अमुक वर्षापर्यंत वाचकांना देऊ नयेत अशी अट दानपत्रात घालता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. त्यांचे उत्तर येईपर्यंत खोकी ओलसर तळघरातून वरच्या कोरड्या खोलीत हलवावीत, जुडगी सोडू नयेत, आणि छायाचित्रांच्या मागच्या बाजू तेवढ्या स्कॅन करून घ्याव्यात.