डार्क मॅटर तांब्याने अडत नाही, आणि हाडांतही साठत नाही

मुलुंडच्या मावशीचा फोन आला: “ते तांब्याचं कवच मागवू का रे? साडेतीन हजारांना आहे.” तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात डार्क मॅटर, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, आणि कृष्णविवरं यांबद्दल चार दावे आहेत. डार्क मॅटर म्हणजे मेलेल्या ताऱ्यांची कृष्णविवरं, हे ‘नासा’ने मान्य केलंय. आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर सूर्याला गिळायला निघालंय. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत नवी कृष्णविवरं बनवताहेत. आणि अमावास्येला डार्क मॅटर हाडांत साठतं, सांधे धरतात, म्हणून तांब्याचं कवच घाला.

मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे शेवटचा दावा आधी. असल्या दुखण्यावर कुणी पैसे उकळतं तेव्हा माझा संयम सुटतो.

डार्क मॅटर प्रकाश देत नाही, शोषत नाही, अडवतही नाही. ते कळतं गुरुत्वाकर्षणावरून. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग मोजला, तेव्हा बाहेरच्या भागाचा वेग अपेक्षेप्रमाणे कमी होताना दिसला नाही. न दिसणारं काहीतरी त्याला धरून ठेवत होतं. ते दीर्घिकाभर पसरलेलं असतं. चंद्राच्या कलांशी त्याचा काय संबंध? आणि आपल्या परिसरात ते किती असावं? शास्त्रज्ञांच्या अंदाजाने अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात एका क्षणी एक किलोसुद्धा नाही. त्यातलं एका माणसाच्या गुडघ्यात काय साठणार!

तांब्याचं तर विचारूच नका. डार्क मॅटरचे संभाव्य कण शोधायला वैज्ञानिक मुद्दाम जमिनीखाली जातात. झारखंडमधल्या जादुगुडा खाणीत ५५५ मीटर खोलीवर आपल्या देशाची प्रयोगशाळा आहे. वरचा खडक बहुतेक वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, अडवतो, डार्क मॅटर मात्र त्यातून आरपार येईल, या हिशेबावरच हे प्रयोग उभे आहेत. अर्धा किलोमीटर खडकाने जे अडत नाही ते तांब्याच्या पत्र्याने अडेल, असं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

मेलेल्या ताऱ्यांचा दावा वेळेच्या हिशेबातच बसत नाही. विश्वाच्या सुरुवातीच्या महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही मोजता येतो. साध्या पदार्थाच्या पाचपटीहून अधिक डार्क मॅटर तेव्हाही होतं, हे त्यावरून कळतं. पहिले तारे त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी पेटले. तारे जन्मलेच नव्हते, तर मेले कधी?

यात एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ताऱ्यांशिवाय, महास्फोटानंतर लगेच दाट गोळे कोसळून कृष्णविवरं झाली असतील, ही कल्पना खरंच मांडली गेली आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली त्यावर लिहिलं. डार्क मॅटर तेच असेल का, हा प्रश्न वैज्ञानिकही गांभीर्याने विचारतात. पण त्यांनी तो तपासला. पोलंडच्या ‘ओगल’ या खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने चिलीतल्या दुर्बिणीने २० वर्षं मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या जवळपास ८ कोटी ताऱ्यांवर नजर ठेवली. मधून कृष्णविवर सरकलं तर मागचा तारा काही काळ उजळतो. आपल्या आकाशगंगेतलं सगळं डार्क मॅटर सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या कृष्णविवरांचं असतं, तर अशा २५८ घटना दिसायला हव्या होत्या. दिसल्या १३, आणि त्याही नेहमीच्या ताऱ्यांनी समजावता येतात. हा निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. लघुग्रहाएवढ्या वस्तुमानाच्या चिमुकल्या कृष्णविवरांची शक्यता अजून उरते. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

उरलेले दोन दावे पटकन. आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे, पण ते जवळपास २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती अब्जावधी वर्षं नीट फिरतोय. ‘सर्न’मधल्या कणांच्या टकरींपेक्षा कितीतरी जोरदार वैश्विक किरण पृथ्वीच्या वातावरणावर तिच्या जन्मापासून आदळताहेत, तरी पृथ्वी शाबूत आहे. ‘सर्न’मधल्या टकरी नोंदवणाऱ्या सीएमएस प्रयोगात कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे वैज्ञानिकही सहभागी आहेत.

कृष्णविवरांच्या उगमाचं पुढचं काम आपल्याच राज्यात व्हायचंय. हिंगोली जिल्ह्यात ‘लायगो इंडिया’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. सूर्याहून हलक्या दोन कृष्णविवरांची टक्कर तिथे खात्रीने नोंदली गेली, तर ती मेलेल्या ताऱ्यांची नसणार, कारण तारा कोसळून इतकं हलकं कृष्णविवर होत नाही.