पक्का रंग

'यंदा सगळे मिळून पानाफुलांनी एक कापड रंगवू,' असं मीच कॉलनीच्या मीटिंगमध्ये बोलून बसलो. सोलापुरात असं बोलू नये. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून या गावात कापडाबद्दल मत नसलेला माणूस जन्मालाच आलेला नाही.

कृती सोपी. मांजरपाट तुरटीच्या पाण्यात भिजवायचा, वर पानं मांडायची, काठीला गुंडाळून सुतळीनं आवळायचा आणि दोन तास वाफवायचा. पानातला रंग तुरटी धरून ठेवते. गंजक्या खिळ्यांचं पाणी शिंपडलं तर रंग काळपट होतो.

पण पानं कुणाची? डाळिंबाची, यावर एकमत झालं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे विरोध करणं देशद्रोहासारखं होतं. पुढे मात्र जो तो आपल्या दारातलं झाड घेऊन आला. जोशीकाकूंनी कढीपत्ता आणला, वर 'उरला तर परत द्या' म्हणाल्या. एकानं कोवळं सागाचं पान चुरगळून लाल झालेला हात सगळ्यांना दाखवला आणि तो हात माझ्या सदऱ्याला पुसला. त्या सदऱ्यावरचा डाग अजून आहे. संपूर्ण उपक्रमातली तेवढीच टिकाऊ कलाकृती.

कापडावर आपलं पान मध्यभागी यावं म्हणून जी रेटारेटी झाली, तशी गड्ड्याच्या जत्रेतही होत नाही. रात्री माझं पान हळूच कडेला सरकवणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते, हे मला नंतर कळलं.

वाफवून उलगडलं, तर डाळिंबाची पानं शिरांसकट उमटलेली! टाळ्या पडल्या. तेवढ्यात अप्पा आले. अप्पांची हयात गिरणीच्या रंगखात्यात गेली. त्यांनी अंगठा थुंकीनं ओला केला, कापडावर घासला आणि आम्हाला दाखवला. पिवळा.

"कच्चं काम हाय बे हे. उतरतंय."

म्हटलं, उन्हात मुरेल. पारा 43 वर होता, उन्हाला तोटा नव्हता. ओलं कापड गच्चीवर पसरून आम्ही खाली आलो.

दुपारी वर गेलो तर कापडावर ओळीनं साबुदाण्याच्या पापड्या! समोरच्या अक्कांना वाटलं, कॉलनीनं वाळवणासाठी नवीन कापड आणलं. पापड्या उचलल्या. कापड जवळजवळ कोरं. आणि एकेका पापडीच्या पाठीवर डाळिंबाचं पान, शिरांसकट.

अप्पांनी एक पापडी उन्हाकडे धरली. अंगठा ओला केला. घासला. पुन्हा घासला.

"हां," ते म्हणाले, "ह्याला म्हणायचं पक्का रंग."