टेस्ट निगेटिव्ह, म्हणून निर्धास्त?

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘गोचीड चावली की त्याच दिवशी अँटिबॉडी टेस्ट करा. निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहा. पॉझिटिव्ह आली तर जंतू अंगात आहेत. टेस्ट निगेटिव्ह होईपर्यंत अँटिबायोटिक थांबवू नका.’ चार वाक्यं, एकही धड नाही. आणि गोचीड चिमट्याने लगेच उपटून काढा, हे कामाचं सांगायचं राहूनच गेलंय.

‘त्याच दिवशी’ का नको? ही टेस्ट जंतू शोधतच नाही. जंतूशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या बनायला काही आठवडे जातात. चाव्याच्या दिवशी पॉझिटिव्ह आलीच, तर ती या चाव्यामुळे नव्हे.

‘निर्धास्त राहा’ हे तर जिवावर बेतणारं. रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर या गोचिडीपासून होणाऱ्या जिवाणूंच्या तापात पहिल्या आठवड्यात टेस्ट बहुधा निगेटिव्हच येते, आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा खरा उपयोग पहिल्या पाच दिवसांत सुरू केलं तर. म्हणून डॉक्टर लक्षणं बघून गोळी देतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. गोचिडीपासूनच होणाऱ्या लाइम आजाराचंही तसंच. आजार आढळणाऱ्या भागात जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर पसरत जाणारा तो लाल चट्टा दिसला, की निदान झालं. रक्त काढायची गरज नाही.

‘पॉझिटिव्ह म्हणजे जंतू’ यावर लोक लाइमच्या वेस्टर्न ब्लॉटच्या (जंतूच्या ज्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असेल तिथे रेघ उमटणारी टेस्ट) पट्टीचा फोटो पुरावा म्हणून टाकतात: बघा, रेघ उमटलीय! बहुतेकदा ती ४१ नंबरची असते. ते जंतूच्या शेपटीचं प्रथिन, आणि तसलीच शेपटी इतर कितीतरी जिवाणूंना असते, त्यामुळे धडधाकट माणसातही ती रेघ दिसते. म्हणूनच नियम कडक आहे: आयजीजीच्या (उशिरा बनून टिकणाऱ्या अँटिबॉडी) १० पैकी किमान ५ रेघा हव्यात. आयजीएमच्या (आधी बनणाऱ्या अँटिबॉडी) ३ पैकी २, तेही आजाराच्या पहिल्या ३० दिवसांतच. शिवाय ब्लॉटची पाळी येते ती आधीची एलायझा ही प्राथमिक अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आल्यावरच.

स्पॉटेड फीवरमध्ये एकटा आकडा फारसं बोलत नाही. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात, ६४ पट, १२८, २५६, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अँटिबॉडी असल्याची हिरवी चमक कुठवर टिकते ते बघतात; तोच आकडा. पहिल्या नमुन्यात ६४ आणि काही आठवड्यांनी २५६, अशी चौपट वाढ दिसली तर आजार ताजा. दोन्ही वेळा ६४ आला, तर ती जुनी खूण असू शकते.

राहिलं ‘निगेटिव्ह होईपर्यंत गोळ्या’. बरं झाल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, मग गोळ्या थांबवणार कधी? उलट, औषध लवकर सुरू झालेल्या काहींमध्ये त्या धड तयारही होत नाहीत.

टेस्ट करायचीच असेल तर गोचीड कधी चावली आणि ताप कधी सुरू झाला, या दोन तारखा लिहून ठेवा. डॉक्टर आधी त्याच विचारतील.