कोलंबोतले नवे सरकार, दिल्लीचे धोरण आणि आमचा कांदा

श्रीलंकेत आपल्या मोठ्या लाल कांद्याला कित्येक वर्षे ‘बॉम्बे लूनू’ म्हणत, म्हणजे मुंबईचा कांदा. मुंबईत कांदा पिकत नाही हे वेगळे सांगायला नको. नाव मुंबईचे असले तरी कांदा आमच्याकडच्या शिवारातला. 1987 मध्ये श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर राजीव गांधी आणि तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली आणि त्यावर संतापलेल्या जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या पक्षाने भारतीय मालावर बहिष्कार पुकारला. त्या बहिष्कारात हा कांदाही होता. आज तिथे त्याला बहुतेक जण ‘लोकु लूनू’ म्हणतात, म्हणजे नुसता मोठा कांदा.

त्याच पेरमुनाचे नेते अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर 2024 पासून श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष आहेत. निफाड तालुक्यात कांदा पिकवणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणून या निवडणुकीकडे मी जरा जास्तच लक्ष देऊन पाहत होतो. भारताने या नव्या नेतृत्वाला ज्या रीतीने जवळ केले ते मला मनापासून पटले, आणि ज्या बाबतीत आपण अजूनही चुकतो ती बाब तितकीच मनाला लागून राहिली. दोन्ही सविस्तर लिहितो.

या पक्षाच्या विचारात भारतविरोध वरवरचा नव्हता. संस्थापक रोहण विजेवीर कार्यकर्त्यांचे जे अभ्यासवर्ग घेत, त्यांत ‘भारतीय विस्तारवाद’ हा एक स्वतंत्र विषय असे. 1987 ते 1989 या काळातला पक्षाचा सशस्त्र उठाव भारताशी झालेल्या कराराविरुद्धच्या रागावर पोसला गेला. करारानंतर दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना स्वीकारताना राजीव गांधींवर तिथल्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला, ते छायाचित्र आपल्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. आपलेही जवळपास बाराशे जवान तिथे कामी आले. म्हणजे जखम दोन्हीकडची होती, आणि अशा पक्षाशी बोलणी सुरू करणे दिल्लीला सोपे नव्हते.

म्हणूनच फेब्रुवारी 2024 मधली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या वेळी दिसानायके यांच्या आघाडीचे 225 जणांच्या संसदेत फक्त तीन खासदार होते आणि 2019 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना जेमतेम तीन टक्के मते मिळाली होती. तरीही भारत सरकारने त्यांना रीतसर निमंत्रण दिले. दिल्लीत परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार डोवाल त्यांना भेटले, आणि पुढे अहमदाबाद व तिरुवनंतपुरम असा दौराही झाला. 2022 च्या आर्थिक कोसळणीनंतर तिथल्या जनतेचा जुन्या घराण्यांवरचा विश्वास उडाला आहे हे आपल्या मुत्सद्द्यांनी वेळीच ओळखले होते. निवडून आल्यावर हार घेऊन सगळेच जातात. जिंकण्याची खात्री नसताना माणसाला घरी बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेणे याला मी परराष्ट्र धोरण म्हणतो.

याच वर्षी बांगलादेशात आपण नेमके उलटे केले होते. तिथे वर्षानुवर्षे एकाच नेत्यावर आणि एकाच पक्षावर सगळी भिस्त ठेवली, आणि 5 ऑगस्ट 2024 ला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या तेव्हा ढाक्यात विश्वासाने बोलावे असे दुसरे कोणीच आपल्याजवळ उरले नव्हते. दोन शेजारी, एकच साल, एकच परराष्ट्र खाते, आणि परिणामात एवढे अंतर.

श्रीलंकेतल्या निकालानंतर आपण वेळ दवडला नाही, हेही नोंदवायला हवे. 4 ऑक्टोबरला जयशंकर कोलंबोत पोहोचले. नव्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत तिथे गेलेले ते पहिले परदेशी परराष्ट्रमंत्री होते. नोव्हेंबरमध्ये दिसानायके यांच्या आघाडीने संसदेच्या 159 जागा जिंकल्या, तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली, आणि डिसेंबरमध्ये ते पहिल्या परदेश दौऱ्यासाठी दिल्लीत आले. भारताच्या सुरक्षेला बाधक ठरेल अशा रीतीने आपली भूमी वापरू देणार नाही, हे त्यांनी इथे उभे राहून सांगितले. पुढच्याच महिन्यात ते चीनला गेले, तेव्हा आपल्या काही वाहिन्यांवर जो गदारोळ झाला तो मला अनाठायी वाटला. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले आहे आणि चीनचे मोठे कर्ज त्या देशाच्या डोक्यावर आहे. अशा देशाच्या अध्यक्षाने बीजिंगला जाऊच नये, ही अपेक्षा धरायची कशाच्या बळावर? पहिला दौरा कुणाकडे झाला याची मोजदाद करत बसण्यापेक्षा दौऱ्यानंतरच्या पाच वर्षांत आपण काय करतो, तिकडे लक्ष दिलेले बरे.

2022 मध्ये ते आपण दाखवले होते. पेट्रोलपंपांवर दिवस दिवस रांगा लागल्या होत्या, औषधे संपली होती, तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत उभी केली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मंजूर होण्यासाठी कर्जदात्या देशांची हमी लागत होती, आणि जानेवारी 2023 मध्ये ती सर्वांत आधी भारताने दिली. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेत सहाशेहून अधिक बळी घेतले. तेव्हा आपली ‘विक्रांत’ युद्धनौका संचलनाच्या निमित्ताने कोलंबोतच होती. तिच्यावरची हेलिकॉप्टर बचावकार्यात उतरली. पुढे पुनर्बांधणीसाठी 45 कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर झाले. कधीकाळी भारतीय मालावर बहिष्कार घालणाऱ्या पक्षाच्या सरकारच्या काळात हे घडले, याचा मला अभिमान वाटतो.

आता जिथे चुकतो ते सांगतो.

8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. आमच्याकडे लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडवला गेला. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर त्या आठवड्यात मी गेलो होतो. निर्यातीसाठी निवडलेला, एकसारख्या आकाराचा लाल कांदा जाळीच्या गोण्यांत भरून थप्पी लावून ठेवलेला होता. निवडणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या, आणि थप्पीच्या खालच्या गोण्यांतून पाणी सुटायला लागले होते. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, हे ज्याने तो पिकवला आहे त्याला ठाऊक असते. त्या वेळी आम्ही आमचेच नुकसान मोजत होतो. पण याच गोण्यांची वाट पाहणारे घर कोलंबोतही असते. तिथे सांबोल या चटणीपासून रस्स्यापर्यंत कांद्यावाचून पान हलत नाही, आणि मोठा कांदा त्यांना बराचसा आयात करावा लागतो. बंदीनंतर तिथले भाव भडकले. फेब्रुवारीत दिसानायके यांचे दिल्लीत स्वागत झाले तेव्हा ही बंदी चालूच होती. एप्रिल 2024 मध्ये श्रीलंकेसाठी खास बाब म्हणून 10,000 टनांची परवानगी निघाली, बंदी उठायला मे उजाडला, आणि निर्यात शुल्क पूर्णपणे जायला 1 एप्रिल 2025.

देशातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा यात गैर काही नाही. पण एका अधिसूचनेने शेतकरी आणि शेजारी या दोघांनाही एकाच वेळी तोंडघशी पाडले जाते, आणि त्याचा विचार परराष्ट्र धोरण म्हणून कुणी करत नाही, हे मला खटकते. कच्चतिवू बेटाचेही तसेच. ते श्रीलंकेचे हे मान्य करणाऱ्या 1974 च्या कराराने सुटलेला प्रश्न 2024 च्या लोकसभा प्रचारात उकरून काढला गेला. तमिळनाडूतल्या मतांसाठी केलेली ती भाषणे श्रीलंकेतही ऐकली गेली. पुढच्या वर्षी तमिळनाडूत हा विषय पुन्हा तापला, तेव्हा 1 सप्टेंबर 2025 ला दिसानायके स्वतः नौकेने त्या बेटावर जाऊन आले. त्यामागचा अर्थ सांगण्यासाठी त्यांना वेगळे बोलावे लागले नाही.

एप्रिल 2025 मध्ये पंतप्रधान कोलंबोला गेले, ‘मित्र विभूषण’ हा तिथला सन्मान त्यांना मिळाला, शांतिसेनेच्या स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिले. त्याच दौऱ्यात संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला, पण त्याचा मजकूर लोकांसमोर ठेवला नाही म्हणून तिथे मोठी टीका झाली. ज्या देशाच्या मनात 1987 चा करार अजून ताजा आहे, तिथे मजकूर झाकून ठेवणे मला धोक्याचे वाटते. तमिळांच्या प्रश्नावर मात्र आपण सावकाश का होईना, बोलत राहिले पाहिजे. प्रांतांना काही अधिकार देण्यासाठी 1987 च्या करारातूनच आलेल्या प्रांतिक परिषदांच्या निवडणुका 2014 नंतर झालेल्या नाहीत.

कांद्यापुरता उपाय आपल्याच दप्तरात आहे. मालदीवशी 1981 पासून एक व्यवस्था आहे: तांदूळ, साखर, डाळ, अंडी, कांदे अशा जिनसांचा वार्षिक कोटा ठरतो आणि इतरांसाठी बंदी असली तरी तो माल जातो. 2024 मध्ये मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू भारतीय जवानांना परत पाठवत होते, तरीही एप्रिलमध्ये त्यांच्या देशासाठी 35,749 टन कांदा मंजूर झाला. तो निर्णय मोठ्या मनाचा होता आणि योग्यही होता. तसाच लेखी, दरवर्षीचा कोटा श्रीलंकेला द्यावा, आणि तो भरण्यासाठी लागणारी खरेदी आधी जाहीर केलेल्या भावाने आमच्या बाजार समित्यांतून करावी. पुढचा लाल कांदा खळ्यावर येण्याआधी हे झाले, तर निर्यात पुन्हा बंद झाली तरी कोलंबोच्या गोण्या थप्पीत सडणार नाहीत.