फाइल जबरदस्तीने बंद केली की "काही होत नाही"? होतं!

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज, "मावशी, हे करून टाकू का?" आणि खाली तोच फॉरवर्ड जो सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, 'फाइल वापरात आहे' म्हणून पडतो? मग सर्व्हरवरून फाइल बंद करा, काही होत नाही. शीट उघडली की एक्सेल बाजूला बनवतं ती ~$ वाली लपलेली फाइल उडवा. जॉब रात्री दोनला लावा. नाहीतर लिनक्सवर जा, तिथे लॉकची, म्हणजे एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला न देण्याची, कटकटच नाही. पोरगी अंधेरीच्या ऑफिसात नवीन लागलीय, पगाराचा जॉब तिच्याकडे, म्हणून डोकं फिरलं माझं.

"काही होत नाही" म्हणे! मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सर्व्हरवरून फाइल बंद करणाऱ्या क्लोज-एसएमबीओपनफाइल कमांडच्या पानावर सरळ लिहिलंय की क्लायंटने, म्हणजे फाइल उघडलेल्या मशीनने, सगळा डेटा सर्व्हरवर पोचवायच्या आत फाइल बंद केली तर डेटा जाऊ शकतो. आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय. आमच्या जुन्या ऑफिसात अकाउंट्सच्या ताई ओव्हरटाइमची शीट उघडी ठेवून, स्क्रीन लॉक करून विरार फास्ट पकडायला पळाल्या, सेव्ह राहिलं, रात्री कोणीतरी फाइल बंद केली, जॉबने जुने आकडे उचलले आणि हिरवा टिक दाखवला. सकाळी ताईंनी सेव्ह दाबलं, एक्सेलने काहीतरी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, जॉबने लिहिलेला कॉलमही गेला. गोडाऊनच्या पोरांचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात मिळाला. जॉब पडला असता तर निदान कळलं तरी असतं.

~$ वाल्या फाइलमध्ये फक्त कोणी उघडलंय त्याचं नाव असतं, खरा लॉक विंडोजकडे असतो, ती उडवून फक्त नाव पुसलं जातं, म्हणजे फोन कोणाला करायचा तेही कळत नाही.

रात्री दोनचं अर्धं खरं आहे, मान्य, भांडण कमी होतं. पण आपल्याकडे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपार किंवा संध्याकाळ असते, ऐरोलीत अमेरिकेच्या शिफ्टला बसलेली माणसं तेव्हा ऐन कामात असतात. आणि उघडी राहिलेली शीट दोनला आपोआप बंद होत नाही.

लिनक्सवर लॉक असतात, पण ते मानायचे की नाही हे प्रोग्रॅमवर. सक्तीचे लॉक होते तेही लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.१५ आवृत्तीत काढून टाकले. म्हणजे तिथे जॉब पडणार नाही, अर्धवट लिहिलेली फाइल मुकाट वाचेल.

भाचीला म्हटलं, अगं आधी त्या नावाला फोन लाव. मशीन क्रॅश होऊन लॉक तसाच अडकलाय अशी खात्री असेल तर बंद कर, नाहीतर हात लावू नकोस. त्या नावाच्या बाई वसईला घरी पोचल्या होत्या, शीट सेव्ह केलेली नव्हती. जॉब थांबवला, सकाळी त्यांनी सेव्ह करून बंद केल्यावर चालवला. आता जॉब दहा-दहा मिनिटांनी पाच वेळा बघतो, मग एरर देऊन थांबतो आणि फाइल कोणाकडे उघडी आहे ते नाव मेल करतो. आणि निकाल लोकांच्या शीटमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये लिहितो.