एक्स-रे क्लिअर म्हणजे गुठळी नाही? थांबा जरा
ग्रुपवर फिरतंय की छातीचा एक्स-रे क्लिअर आला म्हणजे फुफ्फुसात रक्ताची गुठळी नाहीच, तर असं अजिबात नसतं. साध्या एक्स-रेत गुठळी दिसत नाही, तो काढतात न्यूमोनिया वगैरे दुसरं काही नाही ना बघायला. पूर्वी नळी थेट फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) सोडायचे (ऐकूनच घाम फुटतो), मग १९६४ च्या सुमारास शिरेतून किरणोत्सारी कण सोडून रक्त कुठे पोचत नाही ते बघणारा स्कॅन आला, आणि १९९२ ला फ्रान्समधल्या लीलच्या डॉक्टरांनी स्पायरल सीटीवर (शरीराभोवती गोल फिरत काढलेल्या सीटी स्कॅनवर) गुठळ्या दाखवल्या, आजची सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, त्यातूनच आली. किरणोत्सारी कणांचा जुना स्कॅन पण बाद नाहीये हां, डायची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर अजूनही करतात.