सारखं स्थळ, वेगळी रांग

गेले आठ दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय. भाचीने स्वतःचं स्वतः जमवलंय, मुलगा कोल्हापूरचा, आपल्यातला नाही, त्यांच्याकडे दर रविवारी तांबडा-पांढरा असतो. त्यावर मामांनी लिहिलं, सारख्याला सारखं मिळालं की संसार सुरळीत होतो, बाकी सगळं कथा-कादंबऱ्यांत. मी दोन ओळी विरोधात टाकल्या तर लगेच, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." तेव्हापासून डोकं तापलंय. चौदा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला राहते म्हणून माझं मत बाद?

आणि मामा, पुस्तकांचंच म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्याच कपाटात होतं, दहावीच्या सुट्टीत मी तिथूनच काढून वाचलं. ती जलालपूरच्या गोखल्यांची, ते टिळक, जात एक, पोटजात एक, १८८० साली मोठ्यांनी लावून दिलेलं लग्न, ती तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची. तुमच्या हिशेबाने याहून सारखं स्थळ कुठलं? आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. जिच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने अख्खं घर जेरीला आलेलं, तिचा नवरा! पोराला घेऊन ती नातेवाइकांकडे राहिली, पुढे नगरला त्याच्याजवळ गेली तरी आधी सोवळं काही सोडलं नाही. जातपात देवाने केलेली नाही हे तिचं तिला पटलं तेव्हा कुठे तिने बाप्तिस्मा घेतला, तो १९०० साली, म्हणजे मधे पाच वर्षं गेली. त्याने तिला ओढत नेलं नाही आणि तिनेही आपलं पटेपर्यंत पाऊल उचललं नाही. तो गेल्यावर त्याचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' तिनेच पुरं केलं. हा सारखेपणा कुठल्या पत्रिकेत लिहिला होता?

माझ्या मुलीला सध्या शाळेत फोंटाने या जर्मन लेखकाची 'एफी ब्रीस्ट' ही कादंबरी आहे, रेक्लाम प्रकाशनाचं ते पिवळं पुस्तक किचन टेबलावर पडलेलं असतं. मी परत वाचायला घेतलं तर लक्षात आलं की पुस्तकरूपात तीही १८९५ चीच. एफी १७ वर्षांची, तिचा नवरा इन्श्टेटन ३८ चा, एकेकाळी तिच्या आईच्याच मागे असलेला. घराणं चांगलं, हुद्दा चांगला, आईबाप खूश. पुढे ती त्या समुद्राकाठच्या गावात एकटी पडते, एका मेजरमध्ये गुंतते, आणि कितीतरी वर्षांनी जुनी पत्रं सापडल्यावर नवरा त्या मेजरला द्वंद्वात मारतो, हिला टाकतो, लेक तोडतो. त्याच्या मनात तेव्हा सूडसुद्धा उरलेला नसतो, तरी लोकांत असंच करायचं असतं म्हणून तो ते करतो. हे पान वाचताना मला आमचा ग्रुप आठवला, खरंच सांगते.

इथे आता असलं कोणी विचारत नाही. श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे लग्न नोंदणीच्या कचेरीत जायचं, सही करायची, झालं. असं मी ग्रुपवर ठासून लिहिलं, पण एक गोष्ट लिहिली नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी प्रोटेस्टंट, त्यांचे यजमान कॅथलिक, आणि साठच्या दशकात त्यांच्या लग्नाला सासू आलीच नव्हती. आजी परवा जिन्यात पिशव्या ठेवून दम खात उभ्या होत्या तेव्हा सांगत होत्या, सासूने कॉफीला बोलवायला नातू व्हावा लागला.

आणि आमचं? आमचे ३६ पैकी २८ गुण जुळले होते, दोघं पुण्याचे, कॉलेज एक, दोघांच्या घरी गोडं वरण. आता तो संध्याकाळी सहाला ब्रोट (इथला पाव), चीज आणि काकडी घेऊन बसतो आणि मी आठला कुकर लावते. २०२४ ला इथला नागरिकत्वाचा कायदा बदलला, जर्मन झालं तरी जर्मनीला आता जुना पासपोर्ट चालतो पण आपल्या सरकारला दोन चालत नाहीत, मग त्याने भारताचा निळा परत केला आणि जर्मनीचा लाल घेतला. माझा फॉर्म त्याने भरून ठेवलाय, फक्त सहीची जागा रिकामी आहे. तो एका शब्दाने आग्रह करत नाही आणि मला त्याचंच जास्त लागतं. माझ्याच्याने सही होत नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही, तिकडे कोणी वाट बघत बसलंय असंही नाही, मामा तर मला परकीच धरतात.

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, तिकिटं मी काढलीयत. फ्रँकफुर्टला तो युरोपवाल्यांच्या रांगेत उभा राहतो आणि मी दुसरीकडे, मुंबईला उतरलं की मी आपल्या लोकांच्या रांगेत आणि तो परदेशी लोकांच्या. मागच्या वेळी मुंबईत मी आधी सुटले. बॅगा उतरवून पट्ट्यापाशी थांबले होते, तो लांबून येताना हात वर करून दाखवत होता, आणि मधे गर्दी होती.